कानात सांगायचं नाही

धुळ्याच्या बसस्टँडवर पौषातलं धुकं असं उतरलं होतं की समोर उभी असलेली गाडी शिरपूरची की चोपड्याची, ते पाटीला नाक लागेपर्यंत कळत नव्हतं. हेमलता एरंडोलच्या गाडीतून उतरली, शाल कानांवर ओढली, आणि दुसऱ्याच पावलाला तिच्या पायाखालची जमीन सरकली. अगदी खरोखर सरकली. चपलेखाली काहीतरी गुळगुळीत, घरंगळतं...

"अहो, थांबा! हलू नका!" धुक्यातून कुणीतरी ओरडलं.

"का? साप आहे?"

"चिंचोके आहेत."

एक उंचसा माणूस जवळजवळ रांगतच पुढे आला. हातात कापडी पिशवी, तिला खाली हे एवढं भोक. त्या भोकातून चिंचोके सांडत आले होते, थेट फलाटापर्यंत.

"एवढे मोठे झालात, आणि बसस्टँडवर चिंचोके खेळता?"

"खेळत नाही, शिकवतो."

"कुणाला? चिंचोक्यांना?"

त्यानं मान वर केली. डोळे चिंचोक्यांच्याच रंगाचे, तसेच तकतकीत. हसला तो आधी डोळ्यांनी, ओठ मागाहून आले. "पोरांना. यांची अक्षरं मांडतो आम्ही. जरा टाच उचलता का? तुमच्या टाचेखाली माझा अख्खा 'क' आहे."

हेमलतानं टाच उचलली. उचलायला नको होती असं तिला लगेच वाटलं, कारण ते चिंचोके उचलताना त्याचा हात तिच्या पैंजणाला लागला आणि पैंजण उगाचच वाजलं. एरवी तिचं तोंड म्हणजे हिरवी मिरची. गावातला सरपंचसुद्धा तिच्याशी बोलताना आधी घसा खाकरायचा. पण आत्ता तिला एक धड वाक्य सुचेना. मग तिनं शालीचं टोक कमरेला खोचलं आणि चिंचोके वेचायला बसली. वेचताना बडबड मात्र चालूच — "पिशवी शिवायला सुईदोरा मिळत नाही का तुमच्या गावात? काय ही तऱ्हा!"

"सुईदोरा मिळतो. शिवणारं कुणी मिळत नाही," तो म्हणाला, आणि असा काही भोळा चेहरा केला की हे मुद्दाम बोलला की सहज, ते कळू नये.

रिक्षावाल्याला दोघांनी एकदमच पत्ता सांगितला. तोच. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा.

"म्हणजे तुम्ही पण मास्तर?" हेमलता म्हणाली.

"नवल म्हणतात मला. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला शाळा आहे माझी."

"मी हेमलता. एरंडोलजवळची. आणि मला या प्रशिक्षणाची काही गरज नाहीये, एवढं आधीच सांगून ठेवते."

रिक्षा धुक्यात शिरली. दोघांच्या मध्ये चिंचोक्यांची पिशवी होती. तिचं भोक त्यानं एका हातानं धरलं होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला तिचाही हात आपसूक तिथंच जात होता.

गरज नाही म्हणाली खरी, पण मनातून तिला ठाऊक होतं. तिच्या वर्गातली पुढची पोरं अशी घडाघडा वाचायची की साहेब लोक मान डोलवायचे. मागच्या ओळीतली पोरं मात्र पुस्तक उघडून नुसती बसायची. त्यांच्याकडे वळलं की हेमलताचा आवाज चढायचा, आवाज चढला की पोरं आणखीच मुकी व्हायची. आणि तिकडे घरी दुसरंच चाललेलं. तिची आई ताईबाई, जिला अख्खी गल्ली अक्का म्हणते आणि अख्खी गल्ली जिला भिते, तिनं जळगावचं स्थळ आणलं होतं. रविवारी पाहुणे येणार होते. हेमलता हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. अक्काच्या मते पोरगी गप्प म्हणजे पोरगी राजी. घरात दुसरं मत कुणाचं चालत नसे.

प्रशिक्षण घ्यायला रोहिणीताई होत्या. केस पांढरे, आवाज मऊ, पण नजरेतून काही सुटायचं नाही. त्यांनी पहिल्याच तासाला प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. "मजकूर मराठीच आहे. अक्षरं तेवढी कानडी. फळ्यावर कोणतं अक्षर कोणतं ते लिहिलंय, बघून घ्या." सगळे बघताहेत तोवर त्यांनी फळा पुसूनही टाकला. "हं, हेमलता मॅडम. वाचा."

हेमलता ऐटीत उठली. कागदाकडे बघितलं आणि ऐट गेली. सगळीकडे नुसत्या जिलब्या. एक जिलबी ओळखीची वाटे, तोवर दुसरी तिसऱ्यात गुंतलेली. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. इतक्या माणसांपुढे, उभी, आणि तोंडात शब्द नाही...

"आज... जेवायला... भरीत आहे," मागून अगदी हळू आवाज आला.

बुडत्याला काडी दिसावी तसं झालं. हेमलतानं मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "आज जेवायला भरीत आहे!"

जो काही हशा उठला! रोहिणीताईंनी पदर तोंडाला लावला. "नदीला पाणी आलं, असं आहे ते, मॅडम. भरीत गुरुवारी संध्याकाळी आहे."

हेमलता गर्रकन मागे वळली. मागे नवल. चेहरा पार पडलेला.

"तुम्हाला वाचता येत होतं?"

"छे हो. मला तर कागद उलटा धरलाय का सुलटा, तेच कळेना."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुम्ही अडकलात ना..." तो खाली बघत म्हणाला, "मला बघवलं नाही."

आता याला काय म्हणावं? चार तिखट शब्द तिच्या जिभेवर तयार होते, पण ते 'बघवलं नाही' तिच्या कानात असं काही जाऊन बसलं की बाकीच्यांना बाहेर पडायला वाट राहिली नाही.

"हसू नका," रोहिणीताई म्हणाल्या. "वर्गात आपण हेच करतो. पोर अडकतं. काही जण त्याच्यावर ओरडतात, ते खाली बसतं. काही जण कानात सांगतात, ते म्हणून टाकतं, आपण शाब्बास म्हणतो. वाचायला दोघंही शिकवत नाहीत. या आठवड्यात ओरडायचंही नाही आणि कानात सांगायचंही नाही. पोर अडकलं की थांबायचं. त्याला बघू द्यायचं, अक्षर जुळवू द्यायचं, चुकू द्यायचं. अगदीच गाडं रुतलं तर वाट दाखवायची, पण शब्द हातात ठेवायचा नाही." मग त्यांनी जोड्या लावल्या, एक ओरडणारा आणि एक कुजबुजणारा. कुणाची जोडी कुणाशी लागली, ते सांगायला पाहिजे का?

रोज दुपारी जोड्या जवळच्या शाळेत जायच्या. या दोघांच्या वाट्याला चंदन आली. चौथीतली पोर, दोन वेण्या, नाकात चमकी. आईबाप कापूस वेचायला आज या शिवारात, उद्या त्या, त्यामुळे तिची शाळाही तशीच तुकड्यातुकड्यांची. पण पहिल्याच दिवशी तिनं पुस्तक उघडलं आणि धडा असा म्हणून दाखवला, गाणं म्हणावं तसा, हेल काढून, की नवल खुलून गेला.

"बघा! हिला कशाला शिकवायचं? हीच आपल्याला शिकवेल."

हेमलतानं काही न बोलता पान उलटलं. चंदनचं गाणं चालूच राहिलं, तोच धडा, तेच शब्द. बोट मात्र आता भलत्याच चित्रावरून फिरत होतं.

"ती वाचत नाहीये, सर. म्हणतेय."

चंदननं जीभ चावली. "माले बठ्ठं पाठ शे," ती हळूच घरच्या बोलीत म्हणाली.

नवलचा चेहरा उतरला. त्याच्या शाळेत पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. तो किती मायेनं एकेक शब्द त्यांच्या कानात सांगायचा, आणि पोरंही तो मायेनं परत म्हणायची. वर्षंच्या वर्षं. म्हणजे तीही सगळी...?

"वाईट नका वाटून घेऊ," हेमलता म्हणाली. आणि आपण एवढ्या मऊ आवाजात बोलू शकतो याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "माझी मागची ओळ तर पाठही म्हणत नाही. मी तोंडच बंद केलंय त्यांचं."

मग तिनं धड्याचं पुस्तक मिटून टाकलं. "चंदन, तूच सांग काहीतरी. तुझ्या मनातलं."

"मनी बकरी लबाड शे."

नवलनं तिच्या लबाड बकरीचं तेच वाक्य, तिच्याच बोलीत, फरशीवर चिंचोक्यांनी मांडलं. स्वतःच्या तोंडातलं वाक्य असं जमिनीवर उमटलेलं बघून पोर हरखली. बोट लावून वाचलं, मोडलं, 'बकरी'तल्या 'ब'चे चिंचोके उचलून दुसरीकडे मांडले. मग नवे शब्द आले. नव्या शब्दांना अडखळणं आलं, आणि या दोघांची खरी परीक्षा तिथं लागली. चंदन अडली की नवलचे ओठ आपोआप हलू लागायचे. हेमलता डस्टर उचलून त्याच्या तोंडापुढे धरायची.

"मी काही बोललो?"

"ओठ बोलले."

"माझ्या ओठांकडे बघता तुम्ही?"

"मी... मी डस्टरकडे बघत होते!"

आणि इकडे हेमलताचा पाय अधीर होऊन टकटक वाजू लागला की तो मान तिरकी करून नुसतं तिच्या पैंजणाकडे बघायचा. पाय लाजून थांबायचा. चंदन एकदा याच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे, आणि वेणीचं टोक तोंडात धरून खुदकन हसे. पोरींना वाचता येवो न येवो, असलं सगळं बरोबर कळतं.

गुरुवारी मावळतीला अंगणात पऱ्हाट्या पेटवल्या. कपाशीच्या त्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी काळी पडत होती, साल तडकत होती, धूर केळीच्या पानांतून वळणं घेत वर चढत होता. गार वारा, गरम भरीत, पातीचा कांदा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी... आणि समोर पेटत्या काडीच्या उजेडात चमकणारे ते चिंचोक्यांच्या रंगाचे डोळे. हेमलताला वाटलं, ही संध्याकाळ अशीच रेंगाळावी. धुरानं डोळ्यांत पाणी यावं, आणि कुणी कारण विचारू नये.

"तिखट झालं?" नवलनं विचारलं.

"मला तिखट लागत नाही."

"ते दिसतंच आहे."

ती हसली. मग हसता हसता गप्प झाली. भाकरीचा तुकडा नुसता बोटांत फिरवत म्हणाली, "रविवारी जळगावचे पाहुणे येणार आहेत. मला बघायला."

पऱ्हाटी तडतडली.

"काय करतो मुलगा?" त्यानं विचारलं. आवाज सरळ होता, फार सरळ.

"केळीचं मोठं काम आहे. घर, गाडी, सगळं. मला काय सांगावं ते कळत नाही..." तिनं त्याच्याकडे बघितलं. बघतच राहिली.

नवलनं एक पऱ्हाटी आगीत सारली. "चांगलंच आहे मग. हो म्हणून टाका."

भाकरीचा तुकडा ताटात पडला. "तुम्हाला कुणी विचारलं होतं उत्तर?"

"नाही... तुम्ही गप्प झालात, म्हणून —"

"अडकले होते मी, सर! आणि तुम्ही लागलीच शब्द हातात ठेवून मोकळे. दुसऱ्याला सोपं जाईल ते बोलायचं, आणि स्वतःच्या पोटातलं पोटातच. हीच तुमची माया का?" ती उठली. शालीचा पदर ठिणगीला लागता लागता वाचला. त्यानं हात पुढे केला होता, पण तोवर ती गेली होती.

पुढचा दिवस दोघं चंदनच्या अल्याडपल्याड बसली, मधे नुसती पोर नव्हे, जशी काही भिंत. शनिवारी सकाळी रोहिणीताईंनी चंदनसमोर एक नवीच ओळ ठेवली, कधी न पाहिलेली. चंदननं सुरुवात केली आणि मधेच एका जोडाक्षराला अडली. तिनं वर नवलकडे बघितलं, तो सांगेल या आशेनं. हेमलतानंही बघितलं. नवलनं दोन्ही हात मांडीखाली दाबले होते, ओठ घट्ट मिटले होते, कपाळावर या थंडीत घाम होता. माया अशीही असते, तिच्या मनात आलं, हात बांधून बसणारी. चंदननं पुन्हा खाली बघितलं. ओठांतल्या ओठांत जुळवलं, चुकलं, परत जुळवलं, आणि शब्द बाहेर आला. सगळी ओळ काही झाली नाही. पण जेवढी झाली, तेवढी तिची स्वतःची होती.

आणि हेमलताचा राग... तो कुठं गेला, तिलाही दिसला नाही.

परत तेच बसस्टँड. धुकं नव्हतं, दुपारचं पिवळं ऊन होतं. एरंडोलची गाडी लागली होती. नवल तिची बॅग हातात घेऊन उभा होता. देतही नव्हता, ठेवतही नव्हता.

"मॅडम... त्या दिवशी मी..."

"हं."

"म्हणजे मी जे... ते तसं..."

हेमलताच्या तोंडात त्याचं सगळं वाक्य तयार होतं. आजवर तिनं कुणाचंही वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, आईचंसुद्धा. ती गप्प राहिली. कंडक्टरनं घंटा मारली. लोक चढले. "बाई, यायचं का नाही?" कंडक्टर ओरडला. तिनं नुसती मान हलवली. गाडी गेली. ती बघत राहिली, त्याच्याकडे, अगदी सावकाश, जशी काही पुढे गाडीच नव्हती.

"ते खोटं होतं," नवल म्हणाला. "हो म्हणून टाका म्हणालो, ते. मला... तसं नको आहे. तुम्ही हो म्हणू नका."

एवढंच. सगळी ओळ काही झाली नाही. हेमलतानं बॅग घेतली, आणि घेताना त्याची बोटं क्षणभर जास्त धरली. पुढच्या गाडीत खिडकीशी बसून पारोळा कधी आलं, कधी गेलं, तिला कळलं नाही. काढणीला आलेली तूर, बांधावरची बोर, कुणाच्या तरी शेतातला धूर... सगळं तिच्याकडे बघून हसत होतं.

घरी अक्कानं चुलीवर मातीचं पालथं खापर चढवलं होतं. पुरणाचे मांडे उद्या पाहुण्यांसमोर कसे होतील, त्याचा आदल्या दिवशी एक घाणा करून बघत होती. हातावर फिरवत फिरवत मांडा केवढा तरी मोठा केला, खापरावर टाकला, आणि तिकडे न बघताच विचारलं, "काय व, तोंड का असं लाल शे तुनं?"

"अक्का, उद्याच्या पाहुण्यांना —"

"लाजतीस? म्हंजे हो."

"नाही. म्हणजे नाही. त्यांना नाही सांग."

मांडा खापरावर तसाच राहिला. अक्का वळली. ती वळली की घरातलं मांजरही बाहेर जायचं. "कोन शे तो?"

हेमलतानं सांगितलं. कुठला, काय, कुणाचा. मधे एकदाही अडखळली नाही. अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मास्तर, तोही डोंगरातला, म्हणून नाक मुरडलं. पिशवी फाटकी होती, म्हणून आणखी मुरडलं. मग पिठाच्या हातानंच फोन उचलला आणि जळगावला लावला. "उद्या येऊ नका भाऊ. नाही, तुमच्यात काही खोट नाही. पोरीचं मन नाही. ...शब्द दिला होता? शब्द माझा होता, पोरगी नव्हती त्यात." फोन ठेवला. जळगावच्या नातेवाइकांत आता वर्षभर काय काय बोललं जाईल, ते तिला पुरतं ठाऊक होतं. "त्याले बलाव," ती म्हणाली. "उद्या. एवढं पुरन काय मी गायीले घालू?"

रविवारी नवल आला. अक्कानं त्याला पुढ्यात बसवून मांड्यावर मांडा वाढला आणि घासागणिक एकेक प्रश्न घातला. जमीन किती, पाणी कसं, आई कडक का मवाळ, तुला राग आला तर तू काय करतोस. त्यानं सगळ्याला खरं उत्तर दिलं. काही ठिकाणी बराच वेळ लावला, पण खरं दिलं. शेवटी अक्का उठली. "खातो नीट," एवढंच म्हणाली, आणि दोघांना मागच्या अंगणात चहा दिला. दार लोटलं, पण कडी लावली नाही.

शेवग्याखाली ऊन सांडलं होतं. फुलं टपटप पडत होती, कपात, केसांत.

"आंतरजिल्हा बदल्यांचे अर्ज निघणार आहेत म्हणे," नवल कपात बघत म्हणाला.

"मग?"

"तुमचा जिल्हा जळगाव. माझा धुळे."

"ते मला माहीत आहे. मग?"

"त्यात एक असतं... पती-पत्नी एकत्रीकरण." त्याचे कान लाल झाले. "त्यात लवकर होतं, असं म्हणतात."

"त्याला आधी पती लागतो, सर."

"तेच... तेच विचारतोय मी, हेमलता." पहिल्यांदाच तो मॅडम म्हणाला नाही. "मीच येईन तुमच्याकडे. अर्ज मी करतो."

"आणि तुमच्या पोरांचं काय? सगळ्या वर्गाला नुसतं पाठ म्हणायला लावलंयत, आता वाचायला कोण शिकवणार? तुम्ही राहा तिथंच. मी येते."

नवल दचकला. "तुमची सेवाज्येष्ठता जाईल. इतक्या वर्षांची. नव्या जिल्ह्यात यादीत सगळ्यांत खाली नाव लागतं."

ज्या हेमलतानं आयुष्यात कुणाच्या मागे उभं राहायचं नाही असं ठरवलं होतं, साधं नळावरसुद्धा, तिनं शेवग्याचं एक फूल कपातून बोटानं काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"लागू दे," ती म्हणाली. "घरी कुणाचं नाव वर, ते मी बघून घेईन."

दारामागून अक्काचा खोकला आला. खोकला कसला, हसूच होतं ते.